केंब्रिज एका दिवसात: कधी जायचं, काय पाहायचं, काय सोडायचं

लंडनला मुलाकडे किंवा लेकीकडे आलेल्या आई-बाबांच्या यादीत केंब्रिज हमखास असतं. जलद गाडीने तासाभरात पोचता येतं, गाव लहान आहे, पायी पाहून होतं. म्हणून बहुतेक मंडळी फारसा विचार न करता एखाद्या शनिवारी निघतात. तिथे गेल्यावर कळतं की हे कॉलेज आज बंद आहे, त्या चॅपेलची तिकिटं संपली आहेत आणि नदीवर ही भली मोठी रांग. संध्याकाळी घरी येताना फोटो भरपूर असतात, पण बहुतेक बंद दारांचे.

हा लेख त्यावरचा उपाय आहे. एकच दिवस हाताशी धरून लिहिला आहे. रात्र राहणार असाल तर शेवटी थोडं वेगळं सांगितलं आहे.

स्टेशनवर उतरून 'विद्यापीठ कुठे आहे?' विचारू नका

कारण त्याला उत्तर नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासारखं एक फाटक, एक आवार आणि एक मुख्य इमारत असा प्रकार तिथे नाही. १२०९ साली ऑक्सफर्डमध्ये गावकऱ्यांशी वाद विकोपाला गेल्यावर काही विद्वान तिथून बाहेर पडले आणि कॅम नदीकाठच्या या गावात येऊन राहिले, ही विद्यापीठाची सुरुवात. पुढे एकेका देणगीदाराने, राजाने, राणीने, बिशपने आपापलं कॉलेज काढलं. सगळ्यांत जुनं पीटरहाऊस, १२८४ सालचं. आज अशी ३१ कॉलेजं आहेत. विद्यापीठ परीक्षा घेतं, पदव्या देतं, प्रयोगशाळा चालवतं. विद्यार्थी राहतात, जेवतात आणि शिक्षकांसमोर एकेकटे किंवा दोघे-तिघे बसून शिकतात ते कॉलेजात.

कॉलेज म्हणजे आपल्याकडचा चौसोपी वाडा समजा. रस्त्याकडून उंच भिंत आणि दिंडी असलेला मोठा दरवाजा, आत शिरताच देवडी, मग एकामागून एक चौक. देवडीवर पोर्टर नावाची मंडळी बसतात आणि आत कोणाला सोडायचं ते तीच ठरवतात. प्रत्येक वाड्याचा मालक वेगळा, म्हणून वेळा वेगळ्या, तिकीट वेगळं, नियमही वेगळे. सगळ्या कॉलेजांचं मिळून एक तिकीट असेल या आशेवर जाऊ नका. चौकातली हिरवळ कितीही मोहात पाडणारी असली तरी तिच्यावर पाय ठेवायचा नाही. तो मान बहुतेक ठिकाणी फक्त कॉलेजच्या फेलोंचा, म्हणजे तिथल्या वरिष्ठ अध्यापक-सदस्यांचा.

पहिली पायरी: तारीख

नकाशा नंतर, कॅलेंडर आधी. विद्यापीठाची तीन सत्रं असतात. मायकलमस ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत, लेंट जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत आणि ईस्टर एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत. यातलं तिसरं सत्र परीक्षेचं. त्या काळात बरीच कॉलेजं पाहुण्यांना दार पूर्ण बंद करतात किंवा अगदी थोडा भाग उघडा ठेवतात.

आता आपली अडचण बघा. आपल्याकडे शाळेला सुट्टी मे महिन्यात, पाहुणे इंग्लंडला येतात ते मे आणि जूनमध्ये, आणि नेमकी तेव्हाच केंब्रिजची परीक्षा. हा योग टाळता येत नसेल तर निदान हे धरून चाला की त्या दिवसांत कॉलेजांचे चौक तुमच्या नशिबी नाहीत. किंग्ज कॉलेजचं चॅपेल, नदी, संग्रहालयं आणि रस्ते मात्र तेव्हाही पाहायला मिळतात, आणि खरं सांगायचं तर पहिल्या भेटीला तेवढं पुष्कळ होतं.

तारीख तुमच्या हातात असेल तर माझी पसंती ऑक्टोबरचा दुसरा-तिसरा आठवडा किंवा मार्चचा पहिला आठवडा. कॉलेजं उघडी असतात, गर्दी कमी असते, आणि सत्र चालू असल्याने चॅपेलमध्ये संध्याकाळी मुलांचं गायन असतं. ऑक्टोबरात भिंतींवरच्या वेली लाल झालेल्या असतात. मार्चच्या सुरुवातीला नदीपलीकडच्या हिरवळीवर क्रोकसची आणि डॅफोडिलची फुलं येतात. जुलै-ऑगस्टमध्ये दिवस मोठा आणि हवा बरी, पण जगभरातून इंग्रजी शिकायला आलेल्या पोरांचे तांडे रस्ताभर पसरलेले असतात आणि गायकवृंद सुट्टीवर गेलेला असतो. डिसेंबरात चार वाजायच्या आत अंधार होतो. दिवस फार लवकर संपतो.

वारही पाहा. सोमवार टाळा, कारण फिट्झविल्यम संग्रहालय त्या दिवशी बंद असतं. शनिवार-रविवार टाळता आले तर उत्तम. मंगळवार ते शुक्रवार यांपैकी कोणताही दिवस चालेल. जूनच्या अखेरीस पदवीदान असतं, तेव्हा झगे घातलेली मुलं पाहायला मजा येते, पण कॉलेजं त्यांच्या आई-वडिलांसाठी राखलेली असतात आणि हॉटेलांचे दर आकाशाला भिडतात.

दुसरी पायरी: पोचायचं कसं

लंडनहून दोन स्टेशनांवरून गाड्या सुटतात. किंग्ज क्रॉसहून मधे न थांबणारी गाडी साधारण ५० मिनिटांत पोचवते. लिव्हरपूल स्ट्रीटहून तासाच्या वर लागतात, पण पूर्व लंडनमध्ये राहणाऱ्यांना तेच सोयीचं. तिकीट काढताना एक बारीक गोष्ट नीट वाचा: स्वस्त तिकिटांपैकी काही एकाच रेल्वे कंपनीच्या गाडीला चालतात. लिव्हरपूल स्ट्रीटच्या कंपनीचं तिकीट घेऊन किंग्ज क्रॉसच्या गाडीत बसलात तर दंड भरावा लागेल.

सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधीच्या गाड्या महाग असतात, त्यामुळे त्यानंतरची पहिली गाडी धरा आणि त्याच दिवशीचं परतीचं ऑफ-पीक तिकीट काढा. आई-बाबा दोघंच फिरणार असतील तर 'टू टुगेदर' रेलकार्ड काढून द्या. तीन-चार प्रवासांत त्याची किंमत वसूल होते. तीन ते नऊ मोठी माणसं एकत्र जाणार असतील तर कार्ड न काढताही गटसवलत मिळते. तिकीट काढताना तो पर्याय निवडायला विसरू नका.

गाडी घेऊन जाणार असाल तर गावात शिरू नका. रस्ते अरुंद, बरेचसे वाहनांना बंद, आणि पार्किंगचा खर्च जेवणापेक्षा जास्त. गावाबाहेर ट्रम्पिंग्टन, मॅडिंग्ली रोड, बाब्रॅहॅम रोड, न्यूमार्केट रोड आणि मिल्टन असे पाच पार्क-अँड-राइड तळ आहेत. तिथे गाडी लावायची आणि बसने गावात यायचं.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज एकाच दिवसात उरकण्याचा बेत कोणी सुचवला तर नम्रपणे नकार द्या. दोन्ही गावांना जोडणारी थेट गाडी नाही. अर्धा दिवस रस्त्यातच जाईल आणि संध्याकाळी कोणतं चॅपेल कुठलं हेही आठवणार नाही.

तिसरी पायरी: निघण्याआधी घरी बसून करायची कामं

फार नाहीत, पण ती केली नाहीत तर दिवस फुकट जातो. किंग्ज कॉलेजच्या संकेतस्थळावर जाऊन चॅपेल त्या दिवशी किती वाजेपर्यंत उघडं आहे ते बघा आणि तिकीट तिथूनच काढा. ध्वनिमुद्रण, तालमी, लग्नं, अंत्यविधी अशा कारणांनी चॅपेल अचानक लवकर बंद होतं आणि त्याची सूचना तिथेच असते. ट्रिनिटी आणि सेंट जॉन्स यांचंही तसंच. नदीवरच्या नावेचं तिकीट आधी काढलं तर दर बरा मिळतो. फिट्झविल्यम संग्रहालय फुकट आहे.

माझा नियम असा: पैसे देऊन एकच कॉलेज, आणि ते किंग्ज. दुसऱ्या-तिसऱ्या कॉलेजच्या तिकिटावर खर्च करण्यापेक्षा तोच वेळ नदीला आणि संग्रहालयाला द्या. चौक पाहायची हौस असेल तर क्राइस्ट्स, इमॅन्युएल आणि जीझस या कॉलेजांच्या देवडीवर जाऊन विचारा. ती बऱ्याचदा काही न घेता आत सोडतात. क्राइस्ट्समध्ये चार्ल्स डार्विन शिकला आणि जगदीशचंद्र बोसही. इमॅन्युएलच्या मागच्या तळ्यात बदकं आहेत. नातवंडं बरोबर असतील तर तेवढ्यावर अर्धा तास निघतो.

चौथी पायरी: दिवसाचा मार्ग

स्टेशन गावाच्या मध्यापासून जवळजवळ दोन किलोमीटर लांब आहे. १८४५ साली रेल्वे आली तेव्हा तिच्यामुळे विद्यार्थी लंडनच्या वाटेला लागतील ही विद्यापीठाच्या वडीलधाऱ्यांची धास्ती होती. पायी जायचं तर मोठ्या हिल्स रोडने न जाता बेटमन स्ट्रीटवरून ट्रम्पिंग्टन स्ट्रीटवर या. वीसेक मिनिटं लागतात. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी सरळ बस घ्यावी आणि गावात पोचून फिट्झविल्यमपर्यंत थोडं मागे यावं.

ट्रम्पिंग्टन स्ट्रीटच्या दोन्ही कडांना दगडी पाट आहेत, उघडे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गावाला स्वच्छ पाणी मिळावं म्हणून काढलेल्या कालव्याचा हा अवशेष. वर बघत चालणाऱ्याचा पाय त्यात पडतो, म्हणून सांगितलं.

फिट्झविल्यम संग्रहालय सकाळी दहाला उघडतं, रविवारी मात्र दुपारी. हे सकाळीच पाहून घ्या, कारण दुपारनंतर पाय बोलायला लागतात आणि मग चित्रं नुसती भिंतीवरून सरकतात. सगळं पाहू नका. खालच्या मजल्यावरच्या इजिप्तच्या रंगीत शवपेट्या आणि चिलखतं, वर टिशियन आणि मोने, बस्स. तासाभरात बाहेर पडा. समोरच्या बाजूला जुन्या घरांची रांग आहे, तिच्याकडे पुढे परत येऊ.

उत्तरेकडे चालू लागा. डाव्या हाताला पीटरहाऊस, उजवीकडे पेम्ब्रोक. पेम्ब्रोकचं चॅपेल ही ख्रिस्तोफर रेन या वास्तुकाराची पुरी झालेली पहिली इमारत, १६६५ सालची; लंडनचं सेंट पॉल्स नंतरचं. पुढे सिल्व्हर स्ट्रीटचा फाटा लागतो. तिथून डावीकडे पुलापर्यंत जाऊन या, कारण क्वीन्स कॉलेजचा 'मॅथेमॅटिकल ब्रिज' या पुलावरून फुकट दिसतो. न्यूटनने तो एकही खिळा न वापरता बांधला आणि विद्यार्थ्यांनी उत्सुकतेपोटी सोडवल्यावर पुन्हा जोडता आला नाही, ही गोष्ट तुम्हाला दिवसभरात दोनदा तरी ऐकायला मिळेल. पूल १७४९ सालचा, न्यूटन वारला १७२७ मध्ये. आत्ताचा पूल तर १९०५ मध्ये नव्याने उभारलेला आहे, सागवानाचा. बाहेरून पाहा, फोटो काढा, पुढे चला. यासाठी वेगळं तिकीट काढण्यात अर्थ नाही.

परत मुख्य रस्त्यावर आलात की बेनेट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर कॉर्पस क्रिस्टी कॉलेजच्या भिंतीत सोन्याचा मुलामा दिलेलं घड्याळ आहे. काटे नाहीत. वर बसलेला टोळासारखा भयंकर कीटक क्षण गिळत पुढे सरकतो. २००८ मध्ये स्टीफन हॉकिंगच्या हस्ते याचं अनावरण झालं. ते मुद्दाम अडखळतं, मागे जातं, मग धावत वेळ गाठतं, आणि अगदी बरोबर वेळ दाखवतं ती फक्त दर पाच मिनिटांनी एकदा. म्हणून त्यावर बघून गाडी पकडायला निघू नका.

आता लगेच किंग्जकडे वळायचा मोह होतो; त्याआधी दहा मिनिटं बेनेट स्ट्रीटमध्ये घालवा. सेंट बेनेट्स चर्चचा मनोरा हजारेक वर्षांचा आहे, म्हणजे विद्यापीठाच्याही आधीचा, आणि गावातलं सर्वांत जुनं बांधकाम तोच. समोर 'ईगल' नावाचा पब. २८ फेब्रुवारी १९५३ रोजी शास्त्रज्ञ फ्रान्सिस क्रिक दुपारच्या जेवणाला इथे आला आणि जीवनाचं रहस्य आम्हाला सापडलं असं त्याने जाहीर केलं, असं त्याचा सहकारी वॉटसन याने लिहून ठेवलं आहे. ते रहस्य म्हणजे डीएनएची रचना; तिला मोठा आधार लंडनमध्ये रोझलिंड फ्रँकलिन यांच्याकडे झालेल्या क्ष-किरण छायाचित्रणाचा होता. मागच्या खोलीच्या छतावर दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांनी मेणबत्त्या-लायटरच्या धुराने आपल्या तुकड्यांची नावं लिहिली आहेत. तिथे बसून नुसता चहा घेतला तरी कोणी काही म्हणत नाही.

चर्चला लागून फ्री स्कूल लेन ही बोळवजा गल्ली आहे. पर्यटक इथे फारसे वळत नाहीत, आणि मला विचाराल तर गावातला सगळ्यांत मोलाचा रस्ता हाच. कॅव्हेंडिश प्रयोगशाळेची जुनी इमारत इथे आहे. जे. जे. थॉमसनने १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन शोधला तो या इमारतीत, चॅडविकने १९३२ मध्ये न्यूट्रॉन शोधला तोही कॅव्हेंडिशमध्येच आणि वॉटसन-क्रिकची जोडीही इथलीच. प्रयोगशाळा १९७० च्या दशकात गावाबाहेर गेली. आता भिंतीवर फलक आहे आणि गल्लीत सायकली. दहावी-बारावीतलं पोर बरोबर असेल तर त्याला इथे जरूर आणा.

किंग्ज

सहाव्या हेन्रीने १४४१ मध्ये हे कॉलेज काढलं आणि १४४६ मध्ये चॅपेलची पायाभरणी केली. मग इंग्लंडच्या गादीसाठी यादवी सुरू झाली, हेन्रीची गादी गेली, जीवही गेला, आणि काम रखडलं. दगडी बांधकाम संपेपर्यंत १५१५ उजाडलं आणि गादीवर आठवा हेन्री आला होता. या रखडण्याच्या खुणा दिसतात. पूर्वेकडचा भाग साधा, सहाव्या हेन्रीच्या साध्या वृत्तीला शोभणारा. पश्चिमेकडे ट्यूडर गुलाब आणि मुकुटांची नुसती गर्दी.

आत शिरल्यावर आधी मान वर करा. पंख्याच्या घडीसारखं पसरलेलं हे दगडी छत जॉन वास्टेल या गवंड्याने १५१२ ते १५१५ या तीन वर्षांत घातलं. या जातीचं जगातलं सर्वांत मोठं छत हेच. इमारतीची लांबी ८८ मीटर, आतली उंची २४. भिंती जवळजवळ सगळ्या काचेच्या. २६ मोठ्या खिडक्यांपैकी पश्चिमेची सोडली तर बाकी सोळाव्या शतकातल्या. पुढे सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात राजाविरुद्ध लढणाऱ्या क्रॉमवेलच्या बाजूच्या लोकांनी ठिकठिकाणच्या रंगीत काचा फोडल्या, इथल्या वाचल्या. दुसऱ्या महायुद्धात त्या उतरवून ठेवल्या होत्या.

मधोमध काळपट लाकडाचा पडदा आहे. तो आठव्या हेन्रीने दिला आणि त्यावर एच आणि ए ही अक्षरं गुंफलेली सापडतात. ए म्हणजे त्याची तेव्हाची राणी ॲन बोलीन. १५३६ मध्ये त्याने तिचं डोकं उडवलं, अक्षरं तशीच राहिली. पडद्यापलीकडे वेदीवर रुबेन्सचं मोठं चित्र आहे, बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या ज्ञानी राजांचं. एक सूचना: ऊन असेल तर दुपारच्या सुमाराला या, दक्षिणेच्या काचांचे रंग समोरच्या दगडावर उतरतात.

सत्र चालू असेल तर संध्याकाळच्या प्रार्थनेला, म्हणजे ईव्हनसाँगला, परत यायचं ठरवा. प्रवेश फुकट, धर्माची अट नाही. अर्धा-पाऊण तास आधी रांगेत उभं राहायचं, आत गेल्यावर फोन बंद, फोटो नाही, मधे उठून जायचं नाही. इतर लोक उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. शुभ्र अंगरख्यातली छोटी मुलं गाऊ लागली की सूर छतावर जाऊन सावकाश खाली येतो. संगीताचा कान असलेल्या माणसासाठी एवढं एक कारण पुरेसं आहे, बाकी केंब्रिज नाही पाहिलं तरी चालेल. तिकीट काढून चॅपेल पाहायला पैसे नसतील किंवा वेळ नसेल तर हाच फुकटचा मार्ग.

बाहेर पडल्यावर समोर सेनेट हाऊस, विद्यापीठाचं समारंभाचं सभागृह. १९५८ मध्ये इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी एका रात्रीत त्याच्या छपरावर ऑस्टिन सेव्हन मोटार चढवून ठेवली होती. चढवायला एक रात्र लागली, उतरवायला अधिकाऱ्यांना काही दिवस. त्यासमोरच्या ग्रेट सेंट मेरीज चर्चच्या मनोऱ्याला १२३ पायऱ्या आहेत, गोल आणि अरुंद. चढता येत असेल तर गावाचा सर्वांत चांगला देखावा इथून दिसतो.

पुढचा रस्ता भराभर करता येईल. ट्रिनिटी कॉलेजच्या दरवाजावर आठव्या हेन्रीचा पुतळा आहे. त्याच्या हातात राजदंडाच्या जागी खुर्चीचा पाय आहे, विद्यार्थ्यांच्या कृपेने. उजवीकडच्या हिरवळीवरचं सफरचंदाचं झाड न्यूटनच्या घरच्या झाडाच्या कलमाचं आहे. त्यामागेच न्यूटनच्या खोल्या होत्या. रस्त्यापलीकडच्या ह्युवेल्स कोर्टमध्ये रामानुजन राहत. त्यांची हरवलेली म्हणून गाजलेली वही १९७६ मध्ये जॉर्ज अँड्र्यूज या गणितज्ञाला ट्रिनिटीच्याच रेन ग्रंथालयात सापडली. हे ग्रंथालय पाहुण्यांना मोजकेच तास खुलं असतं. वेळ जुळली तर न्यूटनची स्वतःची, समासात त्याच्या हाताने दुरुस्त्या केलेली 'प्रिन्सिपिया'ची प्रत तिथे आहे. त्यापुढे सेंट जॉन्स, मग ११३० च्या सुमाराचं गोल चर्च, आणि मग मॉडलिन पुलाशी नदी.

पाचवी पायरी: नदी

कॉलेजांची खरी शोभा त्यांच्या मागच्या बाजूला आहे आणि ती पाण्यातून दिसते. सपाट बुडाच्या लांब नावेला पंट म्हणतात. मागच्या फळीवर उभा राहून नावाडी लांब दांडा नदीच्या तळाला रेटतो आणि नाव पुढे जाते. फेरी साधारण पाऊण तासाची. सेंट जॉन्सचा १८३१ सालचा 'ब्रिज ऑफ साइज', रेनचं ग्रंथालय, क्लेअर कॉलेजचा १६४० सालचा पूल, किंग्जची मागची बाजू, सगळं ओळीने येतं. क्लेअरच्या पुलावरच्या दगडी गोळ्यांपैकी एकाची फोड कापलेली आहे. शोधायला सांगून मुलांना गप्प बसवता येतं.

पंट स्वतः चालवायची की नावाड्यासह घ्यायची? पहिल्यांदा असाल आणि बरोबर ज्येष्ठ मंडळी असतील तर नावाड्यासह. नावाडी सांगतो त्या गोष्टींतल्या निम्म्या बनावट असतात, पण रंगवून सांगतो. स्वतः चालवणाऱ्यांसाठी एकच सल्ला: दांडा चिखलात रुतला तर लगेच हात सोडा. दांड्याला धरून राहिलात तर नाव पुढे जाईल आणि तुम्ही दांड्यावर.

किंग्जसमोरच्या किंग्ज परेड या रस्त्यावर हातात फलक घेऊन उभे असलेले विक्रेते तुम्हाला गाठतील. सौदा करायला हरकत नाही, पण नाव कुठून सुटते, फेरी किती वेळाची आणि कोणत्या बाजूला जाते ते आधी विचारा. पाऊस आला तर ब्लँकेट आणि छत्री मिळते, बसायला उशाही असतात. उतरताना-चढताना मात्र नाव डुलते, गुडघे दुखणाऱ्यांना दोघांनी हात द्यावा.

खाणं, चालणं, अडचणी

शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. सेंट मेरीजच्या मागच्या चौकात रोज बाजार भरतो, तिथल्या गाड्यांवर गरम जेवण मिळतं. ट्रम्पिंग्टन स्ट्रीटवरच्या फिट्झबिलीजचे पाकात घोळवलेले चेल्सी बन १९२० पासून प्रसिद्ध आहेत. अतिशय गोड, दोघांत एक घ्या. पराठा-भाजीच हवी तर स्टेशनजवळच्या मिल रोडवर भारतीय दुकानं आणि खानावळी आहेत. घरून दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या आणल्या असतील तर जीझस ग्रीनवर किंवा सिल्व्हर स्ट्रीटजवळच्या नदीकाठच्या कुरणात बसा. तिथे गाई चरत असतात, सतरंजी टाकण्याआधी जमीन नीट बघा.

सायकलींना जपा. या गावात सायकलस्वार आवाज न करता येतो, आणि रस्ता ओलांडताना आपण फक्त मोटारींकडे बघत असतो. स्वच्छतागृहं लायन यार्ड आणि ग्रँड आर्केड या दुकानसंकुलांत आहेत. बरेच रस्ते गोट्यांचे आहेत, तेव्हा चपला नकोत, बूट घाला. वारा मोकळ्या सपाट प्रदेशातून येतो. उन्हाळ्यातही आईंसाठी एक स्वेटर हाताशी असू द्या.

आपल्या माणसांच्या खुणा

हे कोणत्याही गाइडच्या तोंडून ऐकायला मिळणार नाही, म्हणून जरा सविस्तर.

दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सेंट जॉन्समध्ये शिकले. १८९९ मध्ये गणिताच्या ट्रायपॉस या पदवीपरीक्षेत ते पहिले आले, दुसऱ्या एका विद्यार्थ्याबरोबर संयुक्तपणे. गणितात पहिल्या वर्गात येणारा तो रँग्लर, पहिला येणारा सीनियर रँग्लर; सीनियर रँग्लर झालेले ते पहिले भारतीय. परत येऊन त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात शिकवायला सुरुवात केली आणि दीर्घकाळ प्राचार्यपद सांभाळलं. महाराष्ट्राला ते कायम 'रँग्लर परांजपे' म्हणूनच माहीत राहिले. गणिताच्या निकालाचं ठिकाण सेनेट हाऊस. किंग्जमधून बाहेर आल्यावर तिथल्या कुंपणाशी उभं राहाल तेव्हा हे आठवा.

चिंतामणराव देशमुख जीझस कॉलेजचे. महाडजवळच्या नाते गावातला हा मुलगा १९१७ मध्ये निसर्गविज्ञानाची ट्रायपॉस झाला, वनस्पतिशास्त्राचं पारितोषिक घेऊन, आणि पुढच्याच वर्षी आयसीएसच्या परीक्षेत पहिला आला. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. जीझसला जायचा रस्ता दोन उंच भिंतींमधून जातो, त्याला तिथे 'चिमनी' (धुराडं) म्हणतात. गोल चर्चपासून पाच-सात मिनिटांवर आहे.

आणि फिट्झविल्यम संग्रहालयासमोरची ती घरं. फिट्झविल्यम हाऊस ही संस्था तेव्हा तिथे होती. १९६० च्या दशकात ती हंटिंग्डन रोडला गेली आणि तिचं कॉलेज झालं. कोल्हापुरात जन्मलेले, बनारसला वाढलेले जयंत नारळीकर १९५७ मध्ये इथे दाखल झाले. १९५९ मध्ये तेही गणितात पहिले आले. वडील विष्णू वासुदेव नारळीकरही केंब्रिजचेच रँग्लर. पुढे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला आणि १९६३ पासून ते किंग्जचे फेलो होते. म्हणजे किंग्जच्या ज्या हिरवळीवर आपल्याला पाय ठेवता येत नाही, तिच्यावरून चालण्याचा हक्क त्यांना होता.

रात्र राहणार असाल तर

हॉटेलं महाग आहेत. सुट्टीच्या काळात बरीच कॉलेजं विद्यार्थ्यांच्या खोल्या भाड्याने देतात, हा पर्याय फारसा कोणाला माहीत नसतो. खोली साधी असते, क्वचित न्हाणीघर सामायिक असतं, पण काही ठिकाणी सकाळची न्याहारी कॉलेजच्या जुन्या भोजनगृहात, तैलचित्रांखाली मिळते. आणि संध्याकाळी पाहुण्यांसाठी दार बंद झाल्यावर चौक तुमचाच. ईस्टरच्या सुट्टीत किंवा जुलै ते सप्टेंबरमध्ये चौकशी करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठच्या कुरणातून ग्रँटचेस्टर गावापर्यंत चालत जा, साधारण तीन किलोमीटर. तिथल्या बागेत सफरचंदाच्या झाडांखाली आरामखुर्च्या मांडलेल्या असतात, १८९७ पासून लोक तिथे चहा पितात. चालायचं नसेल तर गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर ईली आहे. तिथलं कॅथेड्रल सपाट पाणथळ प्रदेशात मैलभरावरून दिसतं. १३२२ मध्ये मधला मनोरा कोसळला आणि त्या जागी कंदिलासारखा आठकोनी लाकडी मनोरा उभारला, तो बघायलाच जायचं. ईलीहून लंडनला थेट गाडी आहे, सामान बरोबर घेऊन निघालात तर केंब्रिजला परत यायचं कारण उरत नाही.